डी म्हणजे काय

दलूथच्या डायलिसिस केंद्रात
सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहाला,
चौथ्या खुर्चीत टॉरस्टाइन बाकेन.
वय ब्याऐंशी. दंडावर शीर फुगलेली, सोलासारखी.
मी सुया टोचते, तो खिडकीतून तळं बघतो.
तळं आपलं म्हणायचं; पलीकडचा काठ
मी नऊ वर्षांत एकदाही पाहिलेला नाही.

चार तास.
यंत्र रक्त काढतं, धुतं, परत देतं,
आणि माणसं एरवी न बोललेलं बोलत बसतात.

"टॉर म्हणजे विजेचा देव, हातोडेवाला.
स्टाइन म्हणजे दगड.
देव कुठे गेला ठाऊक नाही,
दगड तेवढे उतरले मूत्रपिंडात."
आणि हसता हसता खोकला.
यंत्र चिडून वाजलं. मी त्याला गप्प केलं.

बाकेन म्हणजे चढण. आजोबा बोटीतून उतरले
तेव्हा आडनाव विचारलं गेलं,
त्यांनी मागे राहिलेल्या शेताचं सांगितलं.
म्हणजे चढणकर, मी मनात म्हटलं.
मी म्हसवडकर. आपण दोघंही
सोडलेली जागा नावामागे ओढत आलो.

मग त्याची नजर माझ्या बिल्ल्यावर.
कुंदा डी. म्हसवडकर.
"डी म्हणजे? डोरोथी?"

पासपोर्टावर ते पूर्ण आहे,
बँकेत आहे, कराच्या कागदांवर आहे.
माणसांपुढे फक्त टिंब.
त्या टिंबामागे मी वडिलांना उभं केलंय,
पाहुणे आले की लहान पोराला
स्वयंपाकघरात पाठवतात तसं.
लग्नपत्रिकेत तर मी त्यांना दिनकर छापलं होतं.
त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली,
म्हणाले, छपाई चांगली झालीय.

"डी म्हणजे दगडू," मी म्हटलं. "नुसता स्टाइन. देव नाही."

आजीची तीन पोरं पाळण्यातच गेली.
चौथ्याला तिनं उकिरड्यावर लोळवलं,
शेजारणीला पसाभर बाजरीला विकलं, परत घेतलं,
आणि कानात कुर्र करून सांगितलं, दगडू.
मरणानं यावं, पाळण्यात वाकावं,
म्हणावं, छे, हा तर धोंडा,
आणि पुढच्या दाराशी जावं.
पुढच्या दारात कोण होतं
ते आजीनं कधी सांगितलं नाही.

तो बराच वेळ तळ्याकडे बघत राहिला.
लोखंडाची माती भरलेलं जहाज
पुलाखालून आत येत होतं, भोंगा देत.

"माझ्याआधी एक टॉरस्टाइन होता," तो म्हणाला.
"अकरा महिन्यांचा. डांग्या खोकला.
मी झालो तेव्हा आईनं त्याची झबली काढली
आणि नावही.
आमच्यात नाव वाया घालवत नाहीत.
दर वर्षी मे महिन्यात चर्चमागे न्यायची,
मी तिथं वाचायला शिकलो.
पहिला शब्द वाचला तो माझंच नाव,
दगडावर."

मला काही सुचेना. मी पट्ट्याचा दाब पाहिला,
तो ठीक होता, तरी पुन्हा पाहिला.
गडगडाटातला गड आणि दगडातला गड
एकच असावा, असलं काहीतरी डोक्यात चाललं होतं.
त्याला ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

"मग? फसलं का ते मरण?"
"एकाहत्तर वर्षं."
त्यानं ओठ मुडपून हिशेब केला,
जुना घोडा विकत घेताना करावा तसा.
"चांगला दगड," म्हणाला.

सुया काढल्या. कापूस दहा मिनिटं दाबून धरला.
वजनकाट्यावर दोन किलो शंभर ग्रॅम कमी.
कोट चढवून तो दारापर्यंत गेला, थांबला.
"डागाडू."
"द. जीभ दातांना लावा."
"दगाडू."
"जवळ आलात."
बाहेर त्याची मुलगी गाडीचा बर्फ खरवडत होती.
"दगडू!" तो ओरडला, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं,

आणि मी, का कोण जाणे, ओ दिली.